टिकमार्कचं झाड छापलेला कागद: यानं जंगल वाचतं का?

(कोल्हापूरकडच्या लोकांची एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शाहूपुरीचा छापखाना

आमचा छापखाना वडिलांपासूनचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, जूनमध्ये वह्या. गेल्या महिन्यात कागल एमआयडीसीतल्या एका निर्यातदाराचं कॅटलॉगचं काम आलं. अट अशी की कागद एफएससीचा, म्हणजे जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलचा हवा आणि मागच्या पानावर तो टिकमार्कच्या झाडाचा शिक्काही हवा. मी म्हटलं, त्यात काय, कागद आणतो, शिक्का छापतो. तसं नसतं म्हणे. नुसता कागद प्रमाणित असून भागत नाही, छापणाऱ्याकडंही साखळीचं प्रमाणपत्र लागतं. गिरणी, घाऊक व्यापारी, छापखाना, यातली एक कडी जरी बिनाप्रमाणपत्राची निघाली तरी शिक्का मारता येत नाही. फी भरा, वर्षाला तपासणी करून घ्या, रिमं वेगळी ठेवा, रजिस्टर वेगळं लिहा. काम दुसऱ्याकडं गेलं.

हे रडगाणं नाही. (थोडं आहे.) पण त्या निमित्तानं बसून वाचलं. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांवर बंधनकारक करार झाला नाही, म्हणून पुढच्या वर्षी पर्यावरणवाले, व्यापारी आणि आदिवासींचे प्रतिनिधी एकत्र आले आणि ही एफएससी उभी राहिली. कल्पना चांगली होती: सरकारं करत नाहीत ते बाजार करेल, गिऱ्हाईक चांगल्या लाकडाला दोन पैसे जास्त देईल.

माझं मत आता असं झालंय की हा शिक्का कागदाचा हिशेब ठेवतो, जंगलाचा नाही. निदान आपल्याकडं तरी नाही. १९८८ च्या वननीतीनं कारखान्यांना सांगितलं की कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्या. १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टानं वनातली तोड कार्य आयोजनेशिवाय (म्हणजे कुठं किती तोडायचं याच्या मंजूर सरकारी आराखड्याशिवाय) बंद केली. आज देशी कागदाला जे लाकूड लागतं ते बरंचसं शेतातल्या निलगिरी-सुबाभळीचं. दाजीपूरचं रान वहीसाठी कुणी तोडत नाही. आपल्या जिल्ह्यातलं रान जातं बॉक्साइटला, रस्त्याला, रिसॉर्टला आणि खासगी मालकीच्या रानातल्या तोडीला. यातल्या कशालाच शिक्का लागत नाही. मग मी कुणाचं जंगल वाचवायला फी भरायची?

ऑडिटवाली

आधीच सांगते, मी याच क्षेत्रात पगार घेते, तेव्हा माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या.

दादा, तुमचा भारताबद्दलचा मुद्दा बराचसा बरोबर आहे. पण "शिक्का जंगलाचा हिशेब ठेवत नाही" हे सरसकट विधान चुकीचं आहे. २०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला. गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकातली १४ तोडक्षेत्रं, म्हणजे कंपन्यांना लाकडासाठी दिलेली जंगलं घेतली, सात प्रमाणित आणि सात नसलेली. ४७४ कॅमेरे लावले, १३ लाखांच्या आसपास फोटो मिळाले. शंभर किलोवरचे सस्तन प्राणी, म्हणजे रानहत्ती, गोरिला वगैरे, प्रमाणित क्षेत्रात २.७ पट जास्त दिसले.

आणि कारण काय, तर झाडं कमी तोडली म्हणून नाही. लाकूड काढून झाल्यावर जुने रस्ते बंद केले, नाके लावले, कंपनीच्या गाड्यांतून शिकारीचं मांस नेऊ दिलं नाही, कामगारांना दुसरं मटण उपलब्ध करून दिलं. जंगलात एकदा रस्ता गेला की बंदूक पाठोपाठ जाते. राधानगरीच्या लोकांना हे मी सांगायला नको.

तिखटमीठ

ताई, आफ्रिकेतले हत्ती तुमच्या बाजूनं, मान्य. आता मेक्सिको घ्या. तिथं २०१८ मध्ये असाच अभ्यास झाला, प्रमाणित आणि अप्रमाणित जंगलांची तोड ताडून बघितली, तर प्रमाणपत्रानं तोड घटल्याचं काही दिसलं नाही. ज्यांचं जंगल आधीपासून नीट राखलेलं, त्यांनीच प्रमाणपत्र घेतलं असणार. पैलवान तालमीत घाम गाळून तयार होतो आणि गदा मिळाल्यावर म्हणायचं, बघा, गदेनं पैलवान घडवला!

दुसरं, तपासणाऱ्याला पैसे कोण देतो? ज्याची तपासणी होते तो. परीक्षार्थ्यानं परीक्षक नेमायचा आणि त्याचं मानधनही द्यायचं. युक्रेनमध्ये बेकायदा तोडलेलं बीच लाकूड याच शिक्क्याच्या साखळीतून एका जगप्रसिद्ध फर्निचर कंपनीच्या खुर्च्यांपर्यंत पोचल्याचा अहवाल २०२० ला आला. ग्रीनपीस इंटरनॅशनल ही पर्यावरणवादी संघटना तर एफएससीच्या संस्थापक सदस्यांपैकी, २०१८ ला सदस्यत्व सोडून बाहेर पडली. घरातलाच माणूस घर सोडतो तेव्हा शेजाऱ्यांनी किती दिवस कौतुक करायचं?

ऑडिटवाली

परीक्षक-परीक्षार्थी हा दोष खरा आहे आणि मी तो रोज बघते. ज्या ऑडिटरनं नापास केलं त्याला पुढच्या पाच वर्षांचं काम मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बँकांचं, साखर कारखान्यांचं लेखापरीक्षणही असंच चालतं. म्हणून ते बंद करा असं तुम्ही म्हणत नाही.

मेक्सिकोचं म्हणाल, तर तिथली बरीच जंगलं गावसमाजाच्या मालकीची. बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात कंपन्यांची तोडक्षेत्रं होती, तिथं तोड घटलेली दिसली. जिथं आधीच राखणदार आहे तिथं शिक्का फुकट जातो, जिथं कुणी नव्हता तिथं थोडा उपयोगी पडतो. मला एवढंच म्हणायचंय.

पॅकिंगकेस गोकुळ शिरगाव

मी पंचवीस वर्षं लाकडात हाय. आमच्याकडं घाना साग येतो, मलेशियन साल येतो, पाइन येतो. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतंय: घनफुटाला काय भाव आणि वाळवी लागंल का. कुठल्या रानातनं आलं, हे आजवर एकानं इचारलं न्हाई. आर्किटेक्टनं पण न्हाई.

तेवढं छापखानेवाल्यांनी सांगावं, त्या निर्यातदाराचा माल जातोय कशातनं? लाकडी खोक्यातनंच की. त्या खोक्यावर पण शिक्का असतोय, गव्हाच्या लोंबीचा. लोकांना वाटतंय तो पण पर्यावरणाचाच. तो आयएसपीएम १५ चा, लाकडातनं कीड परदेशी जाऊ नये म्हणून केलेल्या नियमाचा. लाकूड ५६ अंशाला अर्धा तास भाजलं, किडं मेलं, एवढंच त्याचं म्हणणं. लाकूड कुणाच्या मालकीतनं आलं, त्येचा त्यात संबंध न्हाई. आत कॅटलॉग जंगल वाचवणारा, भायेर खोकं कशाचं, देवाला ठाऊक.

तिखटमीठ

हा हा. भावा, एका खोक्यात सगळी चर्चा पॅक केलीस.

आंबा घाट

शाहूवाडीकडचा आहे, नोकरीनिमित्त देवरुखला असतो. सगळे एफएससीवरच अडकलेत, म्हणून आमच्या बाजूची गोष्ट सांगतो. घाट उतरलं की संगमेश्वर तालुका. इथलं रान बहुतेक मालकीचं आहे, सरकारी कमी. म्हणजे वनखात्याची भिंत नाही. कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाला मुंबईत खोली घ्यायची असली की ठेकेदार येतो आणि अख्खा डोंगरउतार उक्ता घेतो. करवत चालते, ट्रक घाट चढून तुमच्याकडं येतात, वीटभट्टीला जळण म्हणून. रात्री आंबा घाटात थांबून बघा एकदा.

या रानात बेहड्याची जुनी झाडं आहेत, चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारी. बेहड्याच्या लाकडाला मान नाही, खोकी आणि जळण, बस्स. पण याच झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, फट ठेवते तेवढी, आणि नर महिनोन्‌महिने बाहेरून फळं भरवतो. ढोली धरायला झाडाला शंभर वर्षं लागतात, तोडायला एक सकाळ.

पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था इथं काम करते. त्यांनी बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र मिळवून दिलं. ते लाकडाचं नाही, रानातून गोळा केलेल्या मालाचं. फळं किती घ्यायची, पाखरांना आणि रुजायला किती ठेवायची, गोळा करणाऱ्याला किती द्यायचे, हे सगळं त्यात येतं. पक्का नावाची इंग्लंडमधली चहाची कंपनी माल घेते, त्यांच्या काही मालात त्रिफळा असतो. म्हणजे झाड उभं राहिलं तर दर वर्षी पैसे, तोडलं तर एकदाच आणि तेही जळणाच्या भावानं. भीमाशंकरकडं हिरड्याचंही असंच काम झालंय.

मी कुणाचा प्रचारक नाही. पण छापखानेवाल्यांनी जे विचारलं, शिक्का जंगलाचा हिशेब ठेवतो का, तर इथं ठेवतो. झाडागणिक.

शाहूपुरीचा छापखाना

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे फरक असा दिसतो की माझ्या कागदावरचा शिक्का तोडलेल्या झाडाला मिळतो आणि तुमच्या बेहड्याचा उभ्या झाडाला. हे दोन्ही एकाच तराजूत घालून मी चूक केली.

तिखटमीठ

गोष्ट छान, डोळ्यात पाणीबिणी. पण गणित करू या. खरेदीदार एक. उद्या त्या इंग्रजांनी त्रिफळा सोडून अश्वगंधा धरली तर? किंवा कंपनी विकली गेली आणि नव्या मालकाला फळ स्वस्तात दुसरीकडं मिळालं तर? गावातल्या माणसाच्या हातात तेव्हा काय उरतं? एक फ्रेम केलेला कागद, आणि ठेकेदाराचा नंबर मोबाईलमध्ये आहेच.

गडचिरोलीत मेंढा लेखा या गावानं दुसरा रस्ता धरला. वनहक्क कायद्याखाली २००९ ला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क घेतला, २०११ ला बांबूच्या वाहतुकीचा पास स्वतःच्या ग्रामसभेच्या हातात आणला. परदेशी तपासनीस नको, शिक्का नको. हक्क असला की राखण आपोआप येते. शिक्का दुसऱ्याच्या मर्जीवर, हक्क आपला.

देवराईकर

"आपोआप" हा शब्द मला खटकला. हक्क आमच्याकडंही होता आणि शिक्काही होता, देवाचा. भुदरगडातल्या आमच्या गावच्या देवराईतून वाळलेली काटकी कुणी घरी नेत नसे. माझी आजी पडलेलं पान ओलांडताना हात जोडायची. याहून कडक ऑडिट जगात नसेल, फी शून्य. मग दहाएक वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. कौलारू काढून स्लॅब, वर शिखर, खाली फरशी. पैसे कुठून आणायचे? बैठक झाली, सगळ्या भावक्या बसल्या, कौल लावला. देवानं उजवा कौल दिला. जांभूळ, अंजनी, दोन आंबे गेले. गावाच्या संमतीनं, गावाच्या देवासाठी. बाहेरचा चोर एकही नव्हता.

म्हणून मला बाहेरचा कुणीतरी वर्षातून एकदा येऊन झाडं मोजतो, ही कल्पना वाटते तितकी वाईट वाटत नाही. आपल्याच माणसांसमोर "नाही" म्हणायला कुणाचा तरी आधार लागतो. "आम्ही दिलं असतं हो, पण तपासणीत अडकेल" असं म्हणता येतं.

ऑडिटवाली

ही शेवटची ओळ मी आमच्या प्रशिक्षणात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरून.

तिखटमीठ यांचा एकच खरेदीदाराचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. बेहड्याचं यश एका संस्थेवर आणि एका गिऱ्हाइकावर उभं आहे. म्हणूनच युरोपनं आता ऐच्छिक शिक्क्यावर न थांबता २०२३ ला कायदाच केला. लाकूड, रबर, कॉफी, कोको, सोया, पामतेल, गुरं, यांतलं काहीही ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीवरचं असेल तर बाजारात येऊ द्यायचं नाही. जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यायचे. प्रमाणपत्र असलं तरी ही जबाबदारी सुटत नाही. अंमल दोनदा पुढं ढकललाय, हेही सांगायला हवं.

आणि पॅकिंगकेसवाले, तुमच्या खोक्याचं मी मुद्दाम बघितलं. आत दुसरा माल भरून नेणारं लाकडी खोकं त्या कायद्यातून वगळलंय. रिकामं खोकं स्वतंत्र माल म्हणून विकलं तर लागू, पंप भरून पाठवलं तर नाही.

पॅकिंगकेस गोकुळ शिरगाव

मग मी काय म्हणत हुतो!

आंबा घाट

देवराईकर, जांभळाच्या जागी आता काय आहे?

देवराईकर

पार्किंग. आणि वनमहोत्सवात लावलेल्या सात ऑस्ट्रेलियन बाभळी.

शाहूपुरीचा छापखाना

काल त्या निर्यातदाराच्या खरेदी विभागात माझ्या ओळखीचा एक जण आहे त्याला फोन केला. काम गेलं ते गेलं, पण विचारलं, तुमच्या खोक्यांचं लाकूड कुठून येतं? तो म्हणाला, गोकुळ शिरगावातून. मी म्हटलं, त्याआधी? तर म्हणाला, ते त्या खोकेवाल्याला विचारा, आम्हाला भाजल्याचा शिक्का मिळाला की बिल पास होतं.

पॅकिंगकेस, तुम्हीच नव्हे ना ते?

पॅकिंगकेस गोकुळ शिरगाव

कंपनीचं नाव इथं नको. पण पंप असतील तर मीच. पाइन परवडंना म्हणून चार महिनं झालं जंगली लाकूड घेतोय, भाजून. देवरुखकडचा ट्रक येतो.

आंबा घाट

त्यात बेहडा असतो का?

पॅकिंगकेस गोकुळ शिरगाव

फळी झाल्यावर काय कळतंय वो. उद्या ट्रक हाय. ओंडक्याचं फोटो टाकतो, तुम्हीच सांगा.