आग लागली तर घरातून बाहेर कसं पडायचं: खिडक्यांना ग्रिल, जिना एकच, वयस्कर माणूस खाली

कवडसा

दुमजली घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली. त्या खोलीत सासूबाई झोपतात. वय ७४, वॉकर घेऊन चालतात, रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात. वर दोन खोल्या, एकीत आम्ही दोघं, दुसरीत मुलं (६ आणि ११ वर्षं). जिना एकच, हॉलमधून वर जाणारा. खालच्या-वरच्या सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल. मुख्य दाराला रात्री आतून किल्लीचं कुलूप असतं.

कागदावर नकाशा काढला आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा बाणांनी दाखवायला बसलो. मुलांच्या खोलीची दुसरी वाट म्हणजे ग्रिलवाली खिडकी, आणि आमच्या खोलीची दुसरी वाट मुलांच्या खोलीतून. याला योजना म्हणायचं का? शिडी, धुराचा अलार्म, आग विझवायचं सिलिंडर यांत आधी काय घ्यावं? आणि मुलांना न घाबरवता सराव कसा करावा?

वातायन

नकाशा काढलात म्हणूनच अडचण दिसली. पण ज्या खिडकीतून माणूस बाहेर पडू शकत नाही ती वाट धरू नका. तुमच्या खोलीतून मुलांच्या खोलीत जायची वाटही तशीच. दोन्ही दारं जिन्याच्या तोंडाशीच उघडत असणार. खाली आग लागली की धूर आधी जिन्यातून वर चढतो, आणि दोन्ही दारांपुढची ती जागा सगळ्यांत आधी भरते. म्हणजे आज वरच्या चौघांना मिळून वाट एकच आहे, आणि तिच्या टोकाला कुलूप आहे.

वेळेचा हिशेब आधी मनात पक्का करा. सोफा-गादीत फोम आणि पडदे पॉलिएस्टरचे असले, तर एका कोपऱ्यातली आग अख्खी खोली एकदम भडकवायला ३ ते ५ मिनिटं घेते. अलार्म वाजल्यापासून बाहेर पडायला दोन मिनिटं आहेत असं धरून चाला, कधी तेवढीही मिळत नाहीत. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, फोम जळताना हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. माणूस आगीने भाजण्याआधी धुराने बेशुद्ध पडतो.

म्हणून क्रम माझ्या मते असा.

मुख्य दाराचं कुलूप आजच बघा. आतून किल्ली लावावी लागणारं कुलूप काढून आतून हाताने फिरवायची मूठ असलेलं बसवा. ते होईपर्यंत किल्ली दाराजवळच एका ठरलेल्या खिळ्यावर, रोज रात्री तिथेच. खिडकीतून बाहेरच्याचा हात पोचेल अशी जागा मात्र नको.

दुसरं ग्रिल. अख्खं काढायची गरज नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या एका खिडकीच्या ग्रिलला बिजागरीवर उघडणारा पल्ला करून घ्या. कडी आतून, किल्लीशिवाय आणि अवजाराशिवाय उघडणारी. ६ वर्षांच्या मुलाला ती सहज उघडता येऊ नये, पण ११ वर्षांच्या मुलाला अंधारात जमावी. त्यासाठी दोन हालचालींची कडी चांगली: आधी वर उचलायची, मग ओढायची. कुलूप लावू नका. किल्ली शोधण्यातच सगळा वेळ जातो.

पल्ल्याच्या मापात हमखास चूक होते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमांत बाहेर पडायच्या खिडकीला किमान रुंदी साधारण ५१ सेंटिमीटर, किमान उंची ६१ सेंटिमीटर आणि मोकळं क्षेत्रफळ ०.५३ चौरस मीटर लागतं. ५१ गुणिले ६१ केलं तर ०.३१च येतं. म्हणजे दोन्ही किमान मापं एकत्र घेतली तर खिडकी लहान पडते. रुंदी ५१ ठेवली तर उंची १०४ लागेल. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ११२ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आणि मापं काचेची नाहीत, खिडकी पूर्ण उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेची. सरकत्या काचांची खिडकी निम्मीच उघडते हे गवंडी आणि घरमालक दोघंही विसरतात.

पल्ला बसल्यावर वर्षातून दोनदा उघडून बघा. रंगाचा हात दिला की बिजागरी आणि कडी चिकटतात, पावसाने गंजतात. डासांची जाळी खिळ्यांनी ठोकलेली असेल तर तीही सुटी होईल अशी करा.

पायरी_पायरीने

शिडीबद्दल थोडं. खिडकीच्या काठाला आकडे अडकवून खाली सोडायची घडीची शिडी दुमजली घरासाठी साधारण ४ मीटरची मिळते. पण आधी जमिनीपासून खिडकीच्या काठापर्यंतची उंची टेपने मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीची जाडी, आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत. आकड्यांचा जबडा अरुंद असेल तर जाड भिंतीवर शिडी बसतच नाही, आणि हे रात्री आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

शिडी खाली सोडल्यावर ती स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लोंबकळते का, हेही बघा. तिथून ज्वाळा बाहेर आल्या तर ती वाट गेली. वजनाची मर्यादा वाचा. ६ वर्षांचं मूल एकटं उतरणार नाही, मोठं माणूस त्याच्या एक पायरी खाली राहून दोन्ही हातांच्या मधे त्याला घेऊन उतरतं. म्हणजे दोघांचं वजन एका वेळी पेललं पाहिजे. काही शिड्या एकदाच वापरायच्या असतात, सरावासाठी उघडल्या की पुन्हा भरवशाच्या राहत नाहीत. पाकिटावर ते लिहिलेलं असतं.

वर फक्त आकडे अडकवायचा सराव करा. उतरायचा सराव तळमजल्याच्या खिडकीतून, तेही मोठं माणूस खाली उभं असताना. आणि शिडी माळ्यावर ठेवू नका, त्याच खिडकीखाली हवी. वरच्या दोन्ही खोल्यांत वेगवेगळी.

निखारा_७

वरचे दोन्ही प्रतिसाद वरच्या मजल्याबद्दल आहेत. मला जास्त काळजी खालच्या खोलीची वाटते.

बहुतेक घरांत ठरलेलं असतं की "आईंना मी घेऊन येईन". आग हॉलमध्ये असेल तर जिना उतरता येणार नाही आणि त्यांच्यापर्यंत कुणीच पोचणार नाही. म्हणून त्यांची दुसरी वाट त्यांच्याच खोलीत असली पाहिजे. त्या खोलीतून थेट बाहेर उघडणारं दार करता आलं तर उत्तम. ते शक्य नसेल तर खिडकीचा काठ खाली आणून ग्रिलचा पल्ला तिथे आधी करा. तुमच्यापैकी जो खिडकीतून उतरेल तो बाहेरून फिरून त्यांच्या खिडकीशी येईल. नकाशात हा बाण बाहेरून काढा.

त्यांच्या पलंगाजवळ, हात लांब केला की लागेल असं: वॉकर, चष्मा, टॉर्च, फोन, पायात सरकवायच्या चपला. वॉकर भिंतीशी नको, पलंगाच्या ज्या बाजूने त्या उठतात त्या बाजूला. उचलून नेणं जमणार नसेल तर जाड चादरीवर निजवून डोक्याच्या बाजूने चादर धरून ओढत न्यायचं. गुळगुळीत फरशीवर एकट्या माणसाला हे जमतं, पण उंबरठा असेल तर तिथे अडकतं. एकदा करून बघा.

अलार्मचं. साधारण अलार्मचा आवाज सुमारे ३,००० हर्ट्झचा, म्हणजे तीक्ष्ण. वयोमानाने कान जातात तेव्हा आधी हेच तीक्ष्ण आवाज जातात. यंत्र काढून झोपलेल्या माणसाला तो ऐकू येईल यावर विसंबू नका. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म मिळतो, तो जास्त जागं करतो. त्याच्या जोडीला गादीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा, अलार्मला जोडलेले. लहान मुलंही तीक्ष्ण आवाजात गाढ झोपून राहतात, तेव्हा मुलांच्या खोलीतही ५२०चाच घ्या.

तुमच्या घरात किमान पाच: तीन झोपायच्या खोल्यांत, एक वर जिन्याच्या तोंडाशी, एक खाली हॉलमध्ये. सगळे एकमेकांना जोडलेले, तारेने किंवा बिनतारी, म्हणजे हॉलमधला वाजला की पाचही वाजतील. छतावर, भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर लांब, पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून ९० सेंटिमीटर लांब. शेगडीपासून ३ मीटर तरी दूर, नाहीतर रोज उगाच वाजतो आणि मग कुणीतरी बॅटरी काढून ठेवतं. स्वयंपाकघरात बसवायचाच असेल तर उष्णतेवर चालणारा बसवा. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. मागे बनवल्याची तारीख असते, त्यापासून १० वर्षं झाली की अलार्मच बदला. तो टिकटिकत असला तरी आतला संवेदक थकलेला असतो.

कवडसा

सासूबाईंच्या खिडकीचा विचारच केला नव्हता, तो पल्ला आधी करून घेते. एक शंका: दारं बंद करून झोपावं असं वाचलं. पण धाकटा दार उघडं ठेवल्याशिवाय झोपत नाही, आणि सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू यायला हवी. आणि विझवायच्या सिलिंडरचं कुणी बोललंच नाही.

वातायन

बंद दार ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वाचवणारी गोष्ट आहे. घरांत मुद्दाम आग लावून केलेल्या चाचण्यांत उघड्या दाराच्या खोलीत तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, त्याच वेळी बंद दाराच्या खोलीत ४० अंशांच्या आसपास होतं. साध्या लाकडी दाराने एवढा फरक पडतो. धाकट्यासाठी दार बंद करून आत मंद दिवा ठेवा, किंवा तो झोपल्यावर ओढून घ्या. हाक ऐकू यायला दोन्हीकडे बोलता येईल असं लहान मुलांच्या खोलीत ठेवतात ते यंत्र किंवा घंटेचं बटण ठेवा. आग जोडलेले अलार्म कळवतील.

बाहेर पडतानाही मागचं प्रत्येक दार ओढून घ्यायचं. कुलूप लावायचं नाही, फक्त ओढायचं.

सिलिंडर शेवटी. लहान सिलिंडर १० ते २० सेकंदांत रिकामा होतो. कचऱ्याच्या टोपलीएवढी आग, पाठीमागे बाहेर जायची मोकळी वाट, आणि बाकीचे बाहेर निघालेले, या तिन्ही गोष्टी असतील तरच हात लावायचा. यातली एक जरी कमी असेल तर दार ओढून बाहेर. रात्री झोपेतून उठल्यावर यातलं क्वचितच काही असतं.

पायरी_पायरीने

सरावाचं राहिलं. पहिला दिवसा, सांगून. प्रत्येकाने आपापल्या पलंगावर खरोखर आडवं व्हायचं, अलार्मचं बटण दाबायचं, घड्याळ लावायचं. दाराशी आलं की आधी हाताच्या मागच्या बाजूने दार खालपासून वरपर्यंत चाचपायचं, मग मूठ. गरम लागलं किंवा फटीतून धूर दिसला तर दार उघडायचं नाही, खिडकीकडे वळायचं. गार असेल तर खांदा दाराला टेकवून थोडंच उघडायचं, म्हणजे पलीकडून धूर आला तर लगेच लावता येतं. जिन्यात धूर पातळ असला तरी हातागुडघ्यांवर, डोकं जमिनीपासून ३० ते ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. पोटावर सरपटायचं नाही.

दुसऱ्या खेपेला मोठं माणूस जिन्याशी उभं राहून सांगेल, "इथे धूर आहे". हीच खेप महत्त्वाची. पहिल्या वाटेने धावणं सगळ्यांना जमतं, वळणं जमत नाही. तिसरी खेप दिवे घालवून. वर्षातून दोनदा, त्यातला एक रात्री.

मुलांना आगीचं वर्णन करून सांगायची गरज नाही. काम द्या. मोठ्याकडे कडी, धाकट्याकडे ठरलेल्या जागी जाऊन उभं राहणं. धाकट्याला एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते: पलंगाखाली, कपाटात लपायचं नाही. घाबरलेलं मूल नेमकं तेच करतं, आणि मग ते सापडत नाही. अग्निशमन दलाच्या माणसाचा मुखवटा आणि श्वासाचा घरघरणारा आवाज चित्रफितीत आधी दाखवून ठेवा, नाहीतर मूल त्याच्यापासूनच पळतं.

खोलीतून निघताच आलं नाही तर दार बंद, फटीत कपडे किंवा चादर कोंबायची, पाणी असेल तर ओली. मग खिडकी थोडी उघडायची. बाहेरून धूर आत यायला लागला तर परत लावायची. टॉर्च किंवा पांढरा कपडा हलवायचा, आणि फोनवर आपण कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूच्या खोलीत आहोत ते सांगायचं.

निखारा_७

जमायची जागा एकच ठरवा, न हलणारी: झाड, दिव्याचा खांब. गाडी नको, ती रोज वेगळ्या जागी असते. तिथे पोचल्यावर मोजायचे पाच. फोन बाहेर आल्यावर. कुणी कमी असेल तर आत परत जायचं नाही, तो कुठल्या खोलीत आहे ते अग्निशमन दलाला सांगायचं. प्राण्यासाठीही नाही.

अजून दोन गोष्टी तपासा. जिन्याखाली किंवा मुख्य दाराजवळ स्कूटर-सायकलची बॅटरी चार्जिंगला लावत असाल तर आजच हलवा. लिथियम बॅटरी पेटली की काही सेकंदांत भडकते, आणि तुमची सगळी माणसं त्याच वाटेने उतरणार आहेत. दुसरं, आवाराच्या फाटकाला रात्री कुलूप असतं का? दारातून सगळे सुटतात आणि फाटकाशी अडकतात. अग्निशमन दलालाही आत येता येत नाही.

कवडसा

फाटकाला कुलूप असतं, आणि त्याची किल्ली वर आमच्या खोलीच्या ड्रॉवरमध्ये. नकाशाच्या कागदावर फाटक काढलंच नव्हतं. आता फाटकालाही आतून हाताने उघडणारी कडी करून घेते आणि रविवारी पहिला सराव घेते, दिवसा, सांगून.