आठवी ते दहावी: पीटीच्या तासाला मुलांना निवड द्यावी का?

सीमाभागकर
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी हायस्कुलांत पीटीचा तास म्हणजे बहुधा एक चेंडू, एक शिट्टी आणि साठ पोरं. माझं स्पष्ट मत आहे, आठवीपासून निवड द्या: खो-खो-कबड्डी, धावणं-उड्या, किंवा योग आणि ताकदीचे व्यायाम.

हिशेब करून बघा. खो-खोत एकावेळी मैदानात १२ जण. आक्रमणाचे ९, त्यातले ८ बसलेले, आणि पळतीचे ३. साठांतले ४८ नुसते बघे. कबड्डीत १४ आत, ४६ रेषेबाहेर. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. बघ्यांना पीटीच्या तासातसुद्धा ती मिळत नाही.

मैदान_आणि_शिट्टी
सर, रोग बरोबर ओळखलात, औषध चुकलं. ४० मिनिटांच्या तासातली १० मैदानात येण्यात आणि हजेरीत जातात, शेवटची ५ हातपाय धुण्यात. उरली २५. पीटीचे सर एक आणि गट तीन. ज्या गटाजवळ सर नाहीत तो झाडाखाली बसणार, हे ठरलेलंच.

त्यापेक्षा सगळ्यांना एकच फेरी द्या. चुन्याने ६ जागा आखा, प्रत्येकीवर १० जण: दोरीउडी, बैठका, भिंतीवरचे दंड, १० मीटर ये-जा, पायरी चढउतार, कोपरांवर शरीर ताठ धरणं. ४० सेकंद काम, २० सेकंदांत पुढची जागा. एक फेरी ६ मिनिटांची, तीन झाल्या की १८. साहित्य म्हणजे १० दोऱ्या. दोरीच्या मध्यावर उभं राहिल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात. जास्त लांब असली की दोरी जमिनीवर लोळते आणि पाय अडकतो. खानापूरच्या पावसात हेच व्हरांड्यात करता येतं, फक्त ओल्या फरशीवर ये-जा बंद करून जागेवर गुडघे उचलायला लावा.

सीमाभागकर
फेरी मान्य, आठवड्यातल्या एका तासाला. पण दोन्ही तास तेच केलं तर महिन्याभरात पोरं कंटाळतात आणि बैठका अर्ध्यावर येतात. दुसरा तास निवडीचा ठेवा. नववीच्या दोन्ही तुकड्यांचा पीटीचा तास वेळापत्रकात एकाच वेळी लावला की दुसऱ्या तुकडीला एरवी तेव्हा शिकवणारे शिक्षक मोकळे होतात आणि योगाच्या गटाजवळ उभे राहू शकतात. गोळा आणि थाळी निवडीत नकोच. फेक चालू असताना सरांची नजर दुसरीकडे असून चालत नाही. निवड १० आठवड्यांची, मग गट बदलायचा, म्हणजे वर्षात तिन्ही होतात.

लाल_माती
निवड दिली की निम्मी पोरं भरतीची तयारीच मागतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, घरोघरी तीच स्वप्नं. मग चौदा वर्षांचा पोरगा रोज डांबरी रस्त्यावर १.६ किमी जीव खाऊन पळतो. त्या वयात हाडं वाढत असतात. गुडघ्याखाली जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडते तिथे सूज येते, नडगी ठणकते, आणि "सवय होईल" म्हणत पोरगं पळतच राहतं. अग्निवीरला साडेसतरा वर्षं लागतात. नववीत घाई कशाला? आठवड्यात तीनच दिवस, मातीवर, ४०० मीटरचे ३ टप्पे, मध्ये २०० मीटर चालणं. आठवड्याला एक दशांशापेक्षा जास्त अंतर वाढवू नका. दुखलं तर थांबायचं, हे पहिल्या दिवशी सांगा.

नववी_ब_ची_मॅडम
मुलींचं कुणी बोललंच नाही. कपडे बदलायला खोली नाही, शौचालयात पाणी नाही, ओढणी सांभाळत पळायचं. अशा शाळेत फॉर्म दिला तर मुली योगच लिहितील. त्याला निवड म्हणू नका. आधी एक खोली, आतून कडी आणि बादलीभर पाणी.

दुसरं, ६०० मीटरमध्ये धाप लागणारी मुलगी आळशी असेलच असं नाही, रक्त कमी असू शकतं. आठवड्याची निळी लोहाची गोळी शाळेतच मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. ती दुपारच्या जेवणानंतर सरांसमोर घ्यायला लावा. रिकाम्या पोटी मळमळतं, मग मुली गोळी खिशात घालतात. चहाबरोबर तर नकोच, लोह अंगी लागत नाही.

सीमाभागकर
ताई, खोलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. खोली नसेल तिथे फॉर्म वाटू नये.

मैदान_आणि_शिट्टी
माझा विरोध कायम आहे. दहावीला ६२५ गुणांत पीटी नाही, म्हणून जानेवारीपासून तो तास गणिताला जातो. आधी तो तास वाचवा.

तरी एक करून बघू. एका तुकडीला निवड, दुसरीला फेरी. ६०० मीटर, पुढे वाकून बोटं पोचवणं आणि अर्ध्या उठाबशा मोजा. जूनमध्ये मोजू नका, चिखलातली वेळ कोरड्या मैदानाशी जुळत नाही. ऑक्टोबरात मोजा आणि फेब्रुवारीत पुन्हा, त्याच मैदानावर, सकाळीच. निवडीची तुकडी जास्त सुधारली तर मी माझ्या हाताने वेळापत्रक बदलेन.