मदत हवी आहे: गिटार घुमतेही आणि पातळही वाटते, ईक्यू-कॉम्प्रेसर करून थकलो

अर्धीमात्रा | शनिवार, रात्री ११:४०
तीन रात्री यात गेल्या, आता डोकं चालेना. गाण्यात एक अकूस्टिक गिटार आणि एक गळा, बस्स. गिटार मध्येच रिकाम्या पिंपासारखी घुमते आणि पुढच्याच कॉर्डला पत्र्यासारखी पातळ. ईक्यूने (ठरावीक हर्ट्झचा आवाज वर-खाली करणारं साधन) १०० ते २०० हर्ट्झमध्ये ६ डीबी वाढवले तर घुमणं डोक्यात जातं, काढले तर गिटारचा जीवच जातो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) लावला की पिकचा 'टक्' गायब आणि मागचा आवाज धापा टाकल्यासारखा खालीवर. व्हिडिओ बघून सगळे आकडे जसेच्या तसे टाकलेत. जाणकारांनी नेमके आकडे द्यावेत. उद्या रात्री गाणं द्यायचंय. पुन्हा रेकॉर्ड करा, माइक बदला वगैरे कृपया नको.

झिरोडीबी | ११:५२
८० हर्ट्झच्या खालचं सगळं हायपासने कापा. २५० ला ३ डीबी कट. १० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं हलकं उचला (शेल्फ). कॉम्प्रेसरचा रेशो ३:१, अटॅक (दाबायला घेतलेला वेळ) २५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला घेतलेला) १२०, गेन रिडक्शन (एकूण दाब) ३-४ डीबीच्या वर नको. झालं काम, झोपा.

मंद्रसप्तक | ११:५८
न ऐकता आकडे देणं म्हणजे पेशंट न तपासता गोळ्या देणं. धागाकर्ते, माइक कुठे होता? पिकने की बोटांनी? कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) होता का? आणि घुमतं ते सगळीकडे की ठरावीक कॉर्डला?

कॅपोराव | रविवार, ००:०४
हायपास १५० ला लावा बिनधास्त. मी कायम तिथेच लावतो, मिक्समध्ये गिटार लगेच सुटी होते.

मंद्रसप्तक | ००:०९
@कॅपोराव, तुमच्या गाण्यात ड्रम आणि बेस असतील. इथे बेस नाही, खालचा सगळा संसार हिलाच करायचाय. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झला, पाचवी ११० ला. १५० ला कापलंत तर दोघींचा मूळ सूर गेला, मागे नुसते हार्मोनिक्स. आणि मग 'पातळ वाटतेय' म्हणून नवा धागा.

कॅपोराव | ००:११
मी फक्त माझा अनुभव सांगितला. चालू द्या.

अर्धीमात्रा | ००:२०
माइक गिटारसमोरच होता, अजून कुठे असणार? पिकने स्ट्रमिंग, कॅपो नाही. जी कॉर्ड आली की जास्त घुमतं, डी आणि सी ला नाही.
@झिरोडीबी, माझ्या कॉम्प्रेसरवर मिलिसेकंद लिहिलेलेच नाहीत, अटॅकला १ ते ७ आकडे आहेत. मंद हवा म्हणून ७ वर ठेवलाय.

टेपवाले काका | ००:३१
तिथेच गाडी घसरली. हा ११७६ नावाच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या नकलेतला प्लगइन दिसतोय. मूळ यंत्र १९६७ चं, आणि त्याची बटणं उलटी: ७ म्हणजे सगळ्यात वेगवान, १ म्हणजे सगळ्यात मंद. बरं, १ वर आणलात तरी अटॅक ०.८ मिलिसेकंदच, ७ वर तर ०.०२. पिक तारेला लागायच्या आत हा पठ्ठ्या मान दाबून मोकळा. म्हणून 'टक्' जातो. गिटारला मला एलए-२ए या दुसऱ्या जुन्या कॉम्प्रेसरच्या जातीचा आवडतो, निवांत चालतो. नसेल तर सॉफ्टवेअरमधला साधा कॉम्प्रेसर घ्या आणि वर दिलेले २५ मिलिसेकंद त्यात टाका. जाता जाता, टेपवर रेकॉर्ड करायचो तेव्हा हे काही लागायचंच नाही.

झिरोडीबी | ००:३५
काका, टेप स्वतःच कॉम्प्रेस करायची हो.

टेपवाले काका | ००:३७
तेच तर म्हणतोय.

शून्यठेका | ००:४२
तारा नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३२ च्या सुराला लावून बघा. सगळा कर्कशपणा जातो, स्वानुभव.

मंद्रसप्तक | ००:४४
@शून्यठेका, कर्कश कोण म्हणालं? आणि रेकॉर्डिंग झालंय, तारा आता काय टाइममशीनमध्ये बसून उतरवायच्या?

शून्यठेका | ००:४५
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मंद्रसप्तक | ००:५६
जी कॉर्डला घुमतं यावरून अंदाज येतोय. जी ला सहावी तार तिसऱ्या पट्टीवर दाबतो, तो सूर ९८ हर्ट्झ. बहुतेक मोठ्या अकूस्टिक गिटारींच्या पोटातली हवा १०० च्या आसपासच घुमते. खोटं वाटत असेल तर गिटार मांडीवर घ्या, तोंड भोकाजवळ न्या आणि खालच्या सुरात 'हूं' करत हळूहळू सरकत जा. एका ठिकाणी लाकूड छातीला थरथरताना कळेल. तोच तुमचा शत्रू. माइक भोकासमोर असेल तर तो सूर दुप्पट मोठा येतो. भोकासमोरच होता ना? किती अंतरावर?
रुंद कट नको. ९८ ला अरुंद, ४-५ डीबी. डायनॅमिक ईक्यू असेल तर उत्तम, जी वाजेल तेव्हाच दाबेल. आणि १००-२०० चा ६ डीबीचा बूस्ट आधी काढा, आगीत तूप ओतताय.
धापा टाकण्याचंही कारण हेच. तो ९८ चा धक्का कॉम्प्रेसरला दाबतो आणि त्याच्यासोबत वरच्या तारांनाही खाली ओढतो. साइडचेनमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसर जे ऐकून दाब ठरवतो त्यात, हायपास असेल तर १२० च्या आसपास लावा, म्हणजे कॉम्प्रेसर खालच्या धक्क्याकडे दुर्लक्ष करेल.

झिरोडीबी | ०१:०१
ईक्यू कॉम्प्रेसरच्या आधी ठेवला तर साइडचेनची गरजच नाही.

टेपवाले काका | ०१:०४
आधी कॉम्प्रेसर, मग ईक्यू. कायम.

झिरोडीबी | ०१:०५
कायम कसं काय? घाण आधी काढायची, चमक नंतर. कट आधी, बूस्ट मागे.

टेपवाले काका | ०१:०९
तुमचे कान, तुमचा मिक्स.

अर्धीमात्रा | ०१:३०
हो, भोकासमोरच, वीतभर अंतरावर. ९८ ला कट केला आणि खरंच जी शांत झाली! कॉम्प्रेसरही बदलला, टक् परत आला. पण आता पातळपणा अजूनच उघडा पडला. दोन्ही ट्रॅकवर तोच ईक्यू आहे.

मंद्रसप्तक | ०१:३२
दोन्ही?? कुठले दोन्ही?

अर्धीमात्रा | ०१:३५
माइकचा आणि पिकअपचा. गिटारच्या अंगातच बसवलेला पिकअप आहे, त्याचा आवाज वायरने थेट घेतला होता. सगळे असंच करतात ना? दोन्ही मध्यभागीच ठेवलेत.

मंद्रसप्तक | ०१:३७
_/\_

झिरोडीबी | ०१:३८
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं राहिलं वाटतं :)

मंद्रसप्तक | ०१:५२
इस्कटून सांगतो. पिकअपला आवाज लगेच मिळतो, माइकला हवेतून यायला वेळ लागतो. ध्वनी १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर चालतो, म्हणजे वीतभराला ०.६ च्या जरा वर. त्यातून पिकअपची पोलॅरिटी उलटी असेल तर खालचे सूर दोन ट्रॅकमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. तुम्ही ईक्यूने भरताय ते भोक ईक्यूचं नाहीच. ९८ तेवढा माइकमध्ये इतका मोठा आलाय की वजाबाकी होऊनही उरला.
आता करा असं. दोन्ही ट्रॅक झूम करून एकाच पिकच्या फटक्यावर या. पहिली लाट एकात वर आणि दुसऱ्यात खाली जातेय का? जात असेल तर पिकअपची पोलॅरिटी उलटवा. मग पिकअप उशिरा सरकवा, ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ४८ हजार सँपल) तीसेक सँपल, डोळ्यांनी लाटेवर लाट बसेपर्यंत. शेवटचा निवाडा मात्र कानांनी, मोनोमध्ये. जिथे खालचा आवाज सर्वांत भरीव वाटेल तिथे थांबा. हे होईपर्यंत ईक्यू आणि कॉम्प्रेसर दोन्ही बंद ठेवा.

कॅपोराव | ०१:५८
पिकअप म्यूट करून नुसता माइक ऐकला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

मंद्रसप्तक | ०१:५९
+१. हे आधी सुचायला हवं होतं, मान्य.

गप्पिष्ट | ०७:१५
सकाळी वाचला धागा. इलेक्ट्रिक गिटारला डिस्टॉर्शन असेल तर कॉम्प्रेसर लागतच नाही, ती आधीच दाबलेली असते.

कॅपोराव | ०७:४०
@गप्पिष्ट, शीर्षक वाचलंत का?

अर्धीमात्रा | रविवार, सायंकाळी ६:१०
उलटीच होती! पोलॅरिटी फिरवली आणि दचकलो, खालून कोणीतरी दुसरी गिटार वाजवायला बसल्यासारखं वाटलं. २८ सँपल सरकवल्यावर नीट बसलं. बूस्ट सगळे काढले. पिकअप १-३ किलोहर्ट्झमध्ये बदकासारखा क्वॅक क्वॅक करत होता, तिथे थोडा कापून माइकच्या मागे १० डीबी खाली ठेवलाय. आता उरलंय काय, तर ७० चा हायपास, ९८ चा कट आणि ३:१ चा कॉम्प्रेसर, तोही जेमतेम २-३ डीबी. तीन रात्री मी काय करत होतो देव जाणे.
एक शेवटचं. कॉम्प्रेसर चालू केला की छान वाटतं, पण तो नुसता मोठा झाल्यामुळे तर वाटत नाही ना?

टेपवाले काका | ६:२२
तसंच असणार. मेकअप गेन (दाबल्यावर आवाज परत वाढवणारं बटण) खाली आणून चालू-बंद दोन्ही सारख्याच आवाजाचे करा, डोळे मिटून बटण दाबत राहा. कुठलं कुठलं हे ओळखता येईना आणि तरी त्यातला एक आवडला, तर तोच ठेवा.

झिरोडीबी | ६:३०
आणि गळा चालू ठेवून ऐका, नुसती गिटार सोलो करून नाही. गळ्याचे शब्द दबत असतील तर गिटारला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २ डीबी खाली घ्या.

अर्धीमात्रा | ६:४८
गळा पण दोन माइकवर घेतलाय.

मंद्रसप्तक | ६:४९
नवा धागा काढा.