ज्युनिअर असताना सुचलेलं कुणी ऐकलं का? अनुभव लिहा

मी मेडिसिनला जेआर टू आहे, म्हणजे दुसऱ्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट. वॉर्डात रात्रंदिवस इंटर्न आणि रेसिडेंटच असतात, त्यामुळे कुठे काय अडतं ते आपल्यालाच आधी दिसतं. तुम्ही काय सुचवलंत, पुढे त्याचं काय झालं ते लिहा, सुरुवात मी करते.

जेआर वनला असताना ३० तास जागून सकाळी ओव्हर दिली (पुढच्या ड्युटीवाल्यांना पेशंट समजावून सोपवले) आणि बारा नंबरच्या काकांचं पोटॅशियम रिपीट पाठवलंय एवढं सांगायचं राहिलं. दुपारी सिस्टरनी रिपोर्ट हातात ठेवला, ६.८, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं जास्त. काका वाचले पण मला चार रात्री झोप नाही. मग एक साधा कागद केला, बेड नंबर, आजार, कुठला रिपोर्ट यायचाय, रात्री बिघडलं तर काय करायचं. सर म्हणाले, आधी आपल्या युनिटमध्ये महिनाभर चालवून दाखव. चालवला, आता त्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा सिस्टरांच्या टेबलावर असतो. नंतर वाचलं की अमेरिकेत नऊ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांत आय-पास या ठरलेल्या क्रमाच्या पद्धतीने ओव्हर द्यायला लागल्यावर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, २०१४ चा अभ्यास आहे.

—
माझं डिस्चार्ज कार्डचं. एक आजी शुगर वाढून पंधरा दिवसांत परत भरती. पिशवीतून घडी घातलेलं कार्ड काढलं, त्यावर बीडी, टीडीएस, एचएस (दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना). म्हणाल्या, "बाळा, मला एवढंच कळलं की कागद जपून ठेवायचा." मी मॅडमना म्हटलं खालच्या भागात मराठीत लिहूया, सूर्य-चंद्र काढूया. कार्ड बदलायला वरून मंजुरी लागते म्हणाल्या, ते खरंच होतं. शिक्का मारायला मंजुरी लागत नाही हे सिस्टरांनी सुचवलं, मग रबरी शिक्का करून आणला, सूर्य, चंद्र, जेवणाचं ताट.

—
माझं कुणी ऐकलं नाही. इंटर्नशिपचं वर्ष सॅम्पल पोचवण्यात आणि ब्लड बँकेच्या फेऱ्यांत गेलं. आठवड्याला एक तास मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) करू द्या म्हटलं होतं, मॅनिकिन कुलपातच राहिलं. पहिला अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलेली पेशंट, समोर आला तेव्हा हात कुठे ठेवायचे माहीत होतं, किती जोरात दाबायचं ते नाही. ती बाई अजून आठवते.

—
मी मिरजेचा, सध्या इंग्लंडमध्ये. इथे ज्युनिअर डॉक्टरांच्या २०१६ च्या करारापासून, ठरल्यापेक्षा जास्त थांबलो की एक्सेप्शन रिपोर्ट भरता येतो आणि त्यावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस नेमलेला असतो. भरायला पोरं कचरतात, पण निदान नोंद तरी होते. आपल्याकडे १९९२ च्या केंद्राच्या आदेशात रेसिडेंटसाठी सलग १२ तास, आठवड्याला ४८ असं लिहिलंय, पण मोजतो कोण? आधी तास मोजायला लागा, हीच माझी सूचना.

—
मी डॉक्टर नाही, वडिलांजवळ १९ दिवस होतो. एक जेआर रोज संध्याकाळी पाच मिनिटं बाकावर बसून आज काय झालं ते सांगायची. सगळ्यांसाठी अशी वेळ ठरवता आली तर बघा.

—
दादा, पाच मिनिटांचं उद्याच सरांपुढे मांडते. आणि त्या शिक्क्याचा फोटो टाका प्लीज, आमच्या सिस्टरना दाखवायचाय.