कॅम्परच्या छतातून गळती: जागा कशी शोधायची, कशाने बुजवायची?

घाटवाट
फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर केलेली कॅम्पर (राहण्याची सोय असलेली गाडी) आहे. छतावर ४०० × ४०० मिमीचा हवेचा झरोका (व्हेंट), स्क्रूने बसवलेले सोलर पॅनलचे चार ब्रॅकेट आणि केबलचं भोक. पावसात पलंगावरचा डावा कोपरा ओला होतो, तिथली प्लाय काळी पडली आहे आणि मागच्या दारावरून थेंब येतात. गाडी नाकाकडे उतरती उभी केली की थेंब थांबतात. व्हेंटभोवती सिलिकॉनचे दोन थर देऊन फरक नाही. आतलं पॅनेलिंग सगळं उतरवायचं का?

पागोळी
एवढ्यात नको. उतारावर थेंब थांबतात ही खूण मोलाची आहे, पण तिचे दोन अर्थ निघतात. एक तर पाणी व्हेंट किंवा ब्रॅकेटमधून शिरून पत्र्याच्या आतून मागे वाहतंय, नाहीतर मागच्या दारावरच्या वरच्या दिव्याच्या गॅस्केटमधून (दिव्याखालच्या रबरी पट्टीतून) थेट येतंय. टपकण्याची जागा आणि शिरण्याची जागा यांत मीटरभर अंतर सहज असतं.

नळीने तपासा, दोन माणसं लागतील. साधी वाहती धार हवी. प्रेशर वॉशरने शाबूत सीलमधूनही पाणी आत घुसतं आणि निदान चुकतं. खालून वर जायचं: मागच्या दाराचं रबर, टेल लाइट, वरचा दिवा, गटरचा सांधा, मग छत. प्रत्येक जागी दहा मिनिटं धार, आत एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जातो आणि काहीच कळत नाही. आत ओल दिसली की बाहेर खडूने खूण करा, पण तिथेच थांबू नका. एका गाडीत दोन-तीन गळत्या असणं नेहमीचंच.

तरी सापडलं नाही तर हवेचा दाब. खिडकीत पुठ्ठा बसवून ब्लोअरने हवा आत सोडा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. गळक्या जागी बुडबुडे येतात. यासाठी गाडीच्या तळातली, गळलेला गॅस बाहेर सोडणारी भोकं टेपने बंद करावी लागतात. ती टेप काम संपताच काढाच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तिथूनच बाहेर पडतो.

ब्यूटिलवाला
व्हेंट काढावाच लागेल. वरून फासलेलं सिलिकॉन कडेला सुटतं, पाणी त्याखाली साचून राहतं. शिवाय सिलिकॉनच्या अवशेषावर दुसरं काहीच धरत नाही, नवा सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, सिलिकॉन रिमूव्हर लावा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. भोकाची कापलेली कड उघडी असेल तर झिंक प्रायमर आणि रंग. नाहीतर गंज सीलखालून सरकतो आणि वर्षा-दोन वर्षांत तीच गळती परत.

व्हेंटच्या फ्रेमखाली ब्यूटिल टेप (कधीच न वाळणारी मऊ, चिकट पट्टी), २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड. तुमच्या व्हेंटला जेमतेम दोन मीटर लागेल. छताला पन्हळी असतील तर खरा घोळ तिथे असतो: फ्रेम उंचवट्यांवर टेकते आणि मधल्या खाचांतून पाणी शिरतं. खाचेत टेपचे जादा थर भरा किंवा खाचेइतक्या जाडीची पट्टी पॉलियुरेथेनने (रबरासारख्या होणाऱ्या चिकट सीलंटने) चिकटवून आधी सपाटी करा. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, ब्यूटिल कडेने थोडं बाहेर येईपर्यंतच. एका दमात आवळलं तर सगळं ब्यूटिल निसटून पत्र्यावर प्लास्टिक बसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलकेच आवळा, बाहेर आलेलं कापा, मग कडेने आणि स्क्रूच्या डोक्यांवर सिकाफ्लेक्स २२१सारखं पॉलियुरेथेन. ३०० मिलीच्या नळीत ६ मिमी जाडीची रेघ साधारण दहा मीटर निघते. ब्रॅकेटही असेच काढून बसवा. केबल ग्लँडचं (केबल आत नेणाऱ्या झाकणाचं) तोंड गाडीच्या मागे असावं आणि शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा.

ॲक्रिलिकच्या खिडक्यांना मात्र हे पॉलियुरेथेन लावू नका, ताणाने तडे जातात. तिथे नुसतं ब्यूटिल.

घाटवाट
हे काम पावसाच्या उघडिपीत चालेल का?

ब्यूटिलवाला
पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानेच पिकतं (घट्ट होतं), त्यामुळे दमट हवेची अडचण नाही. पत्रा मात्र कोरडा ठणठणीत हवा. दिवसाला साधारण ३ मिमी पिकतं, तोवर ताडपत्री घाला, पण ती सीलला टेकू देऊ नका. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही लावू नका, सकाळ बरी.

ओलसर
एक राहिलं. ती ओल सगळी पावसाचीच आहे ना हे पाहा. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं, आणि बंद गाडीत ते थंड पत्र्यावर धरतं. ओल्या भागाशेजारी फूटभर प्लास्टिक चारही कडा टेपने बंद करून रात्रभर लावा. थेंब तुमच्या बाजूला आले तर वाफ, प्लास्टिकमागे आले तर ओल भिंतीच्या आतून येतेय. एसी चालू असतानाच टपकत असेल तर आधी एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय का बघा.

गळती बंद झाली की लगेच पॅनेलिंग लावू नका. भिजलेली ग्लासवूल फेका, ती आत कधीच नीट वाळत नाही. प्लायला ओलावामापकाच्या सुया टोचा. १५ टक्क्यांखाली आल्यावरच झाका. स्क्रू किंवा फॉइलजवळ टोचलं तर आकडा खोटा चढतो, तेवढं जपा. टोकाने दाबल्यावर प्लाय आत जात असेल तर वाळवत बसू नका, तेवढा तुकडा बदला.