पोर्टरला गुण देण्याआधी

पोर्टर ही गडद बिअर 'करपट लागते' म्हणून एकाने अभिप्रायात तिला पाचपैकी दोनच गुण दिलेत, ते मला पटलं नाही. बाटली फ्रिजमधून काढून लगेच प्यायली असणार. इतक्या गारठ्यात वास दबतो, नुसता कडूपणा उरतो. १०-१२ अंशांपर्यंत येऊ द्या. सांगलीच्या उन्हाळ्यात त्याला फार वेळ लागत नाही. मग भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) कॉफी, कोकोसारखी चव जाणवते आणि मागाहून काकवीसारखा गोडवा. गुऱ्हाळाजवळ वाढलेला माणूस तो लगेच ओळखेल.

१८व्या शतकात लंडनचे हमाल ही बिअर पीत, म्हणून नाव पोर्टर. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे पाहिले की हे नाव मला फार जवळचं वाटतं. पुण्याहून आणलेल्या बाटलीला मी चार दिले, एक कापला तो पातळपणाचा. सोबत तासगावचे बेदाणे घेऊन बघाच.