मदत हवी आहे: स्पॅनिश अर्जात 'अंगातले गुण' कसे लिहायचे?

नमस्कार मंडळी. माझी भाची ऐरोलीला राहते, स्पॅनिशची बी१ (म्हणजे मधली) पातळी चालू आहे. तिला एका अर्जासाठी स्वतःबद्दल एक पान स्पॅनिशमध्ये लिहायचंय. तबला वाजवते, एक्सेलमध्ये हात बसलाय, चार माणसं सांभाळून घेते. पण शब्दकोशात 'कौशल्य' शोधलं की पाच-सहा शब्द समोर येतात, आणि आम्ही दोघी तिथेच अडकतो.

आम्हाला कळलंय ते असं: 'तालेंतो' आणि 'दोन' (don, आपला आकडा नव्हे) म्हणजे उपजत देणगी, 'आबिलिदाद' आणि 'देस्त्रेसा' सरावाने आलेलं, त्यात 'देस्त्रेसा'त हाताची सफाई जास्त. 'कापासिदाद' म्हणजे क्षमता. 'आप्तितुद' म्हणजे कल. एक अक्षर बदललं की 'आक्तितुद', म्हणजे वृत्ती! 'दोतेस'चा अर्थ अंगचे गुण, पण एकवचनी 'दोते' म्हणजे चक्क हुंडा. (हे वाचून ताईने कपाळावर हात मारला.)

मग तबल्याला 'तालेंतो' म्हटलं तर फुशारकी वाटेल का? मला तरी वाटेल. रियाज केलाय तिने, नुसती देणगी नाही. एक्सेलला 'आबिलिदाद' की नोकरीच्या अर्जात 'कोंपेतेन्सिया' (कामातली पात्रता) बरं? माणसं सांभाळण्याला 'दोन दे खेन्तेस' म्हणतात, ते अर्जात चालेल की बोलण्यातच शोभतं?

तिला स्वतःला 'से मे दा बिएन' आवडलंय, कारण ते आपल्या 'मला जमतं'सारखंच बसतं. पण अर्जात फार घरगुती वाटेल अशी मला शंका आहे.

स्पेन किंवा मेक्सिकोच्या लोकांसोबत काम करणारं कुणी असेल तर सांगा. ठाणे-नवी मुंबईत कुणी तासभर बसून पान तपासून देणार असेल तर आम्ही येऊ. रविवारपर्यंत पाठवायचंय.